कागद, कुलूप आणि सहा हात

ठरलेलं असं : दहा आठवडे, आठवड्याला तीन तालमी, आम्ही तिघं (दादा, छोटी आणि मी) आणि शिकवणाऱ्या बाई. शेवटी वीस-पंचवीस माणसांसमोर दहा मिनिटांचा एक बाहुल्यांचा खेळ. बाईंची अट एकच, तालमीचं त्याच रात्री लिहून काढायचं. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलं की हात जे शिकले त्यात डोकं स्वतःची भर घालतं, असं त्यांचं म्हणणं.

३ जून

साहित्य : खाकी कागदाचा दीड मीटरचा तुकडा आणि कागदी चिकटपट्टी. कात्री मिळाली नाही. चुरगाळत, पिळत, दुमडत माणूस तयार केला. उंची ६० सेंटिमीटर, डोकं अंगाच्या मानाने मोठं. सांधे वेगळे करावे लागले नाहीत. कागद जिथे घट्ट पिळला जातो तिथेच तो वाकतो.

उभं राहायची वेळ आली तेव्हा मी डोकं धरलं. कुणी सांगितलं नव्हतं, हात तिकडेच गेला. दादाने डावा हात धरला, छोटीने पाय. पहिली दहा मिनिटं आम्ही त्याला चालवलं, वाकवलं, हात हलवून सगळ्यांना नमस्कार करायला लावला. बाई शांतपणे बघत होत्या. मग म्हणाल्या, "झोपवा त्याला. आणि फक्त श्वास."

टेबलावर आडवा केला. माझी दोन बोटं त्याच्या पाठीशी. एक सेंटिमीटर वर, एक सेंटिमीटर खाली. कागद कुरकुरायचा आणि तो आवाजच श्वासासारखा वाटायचा. आधी आमच्या तिघांचे श्वास तीन तऱ्हांचे होते. बाईंनी मोठ्याने श्वास घ्यायला लावला, तेव्हा कुठे एक झाले. मध्येच कागदाचा श्वास थांबला (माझी बोटं थांबली) आणि दादा व छोटीचेही श्वास त्याच क्षणी अडकले. त्याला उठून बसायला चार श्वास लागले. तेवढा वेळ मी माझ्या हाताकडे एकदाही पाहिलं नव्हतं, हे नंतर लक्षात आलं.

५ जून

क्रम पाठ केला : श्वास, नजर, वजन, मग हालचाल.

आज नजर. कागदी चेहऱ्याला डोळे नाहीत, म्हणून नाक हाच बाण. टेबलावर तीन ठोकळे ठेवले आणि त्याने एकेकाकडे पाहायचं. मी मागे आणि वर उभी असते, मला दिसतो तो त्याचा टाळू. माझ्या हिशेबाने तो ठोकळ्याकडे बघत होता. मोबाइलवर चित्रण पाहिलं तर नजर वीतभर वरून निघून जात होती. उपाय सोपा, पण हाताला पटायला वेळ लागतो. मान वाजवीपेक्षा जास्त खाली गेलीय असं वाटेपर्यंत झुकवायची, तेव्हा समोरून ती बरोबर दिसते.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. मी जिकडे पाहते तिकडे प्रेक्षक पाहतात. मी बाहुल्याकडे पाहिलं तर त्यांचं लक्ष त्याच्यापाशी पोहोचतं. मी बाईंकडे, 'जमतंय का?' अशा नजरेने पाहिलं, की टेबलावर फक्त कागद उरतो. तासाभरात मी पाच वेळा बाईंकडे पाहिलं. दादाने मोजलं.

८ जून

चालणं. दोन तास एवढंच केलं आणि त्याबद्दल लिहायला खूप आहे.

टेबल ९५ सेंटिमीटर उंच. छोटी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी घोटे धरते. मी डोकं पुढे नेत होते, ती पाय पुढे टाकत होती, आणि माणूस बर्फावरून घसरल्यासारखा चालत होता. पावलं बरोबर, वेग बरोबर, तरी खोटं.

बाईंनी आम्हाला भिंतीजवळ नेलं. कानाशेजारी खडू धरून, त्याचं टोक भिंतीला लावून नेहमीसारखं चालायचं. भिंतीवर रेघ उमटली ती सरळ नव्हती, लाट होती. दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले असतात तेव्हा आपण सर्वांत खाली असतो. एक पाय दुसऱ्याच्या शेजारून पुढे जात असतो तेव्हा सर्वांत वर. मोठ्या माणसात हा चढउतार साधारण ४-५ सेंटिमीटरचा. आमच्या ६० सेंटिमीटरच्या माणसाला त्या हिशेबाने दीड पुरे. मी अगदी उलट करत होते, पाऊल टेकताना त्याला वर उचलत होते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वजन आधी सरकतं, पाय नंतर उठतो. उजवा पाय उचलायचा तर त्याआधी धड डाव्या पायावर गेलं पाहिजे, बोटभर का होईना. म्हणजे चालण्याची सुरुवात पायांकडून होत नाही, माझ्याकडून होते. आणि मी ती छोटीला सांगायची आहे, तोंडाने नाही. धड डावीकडे कललं की तिने ओळखायचं, उजवा.

शेवटची दहा मिनिटं फक्त हेच. कलणं, थांबणं, उचलणं, टेकणं. चार पावलं खरी पडली. पाचव्याला मी घाई केली.

१० जून

हात भरून आलेत, म्हणून आज बैठक. बाईंनी जपानच्या बुनराकू या बाहुलीनाट्याबद्दल सांगितलं. तिथेही एका बाहुलीला तीन माणसं. मुख्य चालवणारा डाव्या हाताने डोकं धरतो आणि उजव्या हाताने बाहुलीचा उजवा हात चालवतो. दुसरा डावा हात, तिसरा पाय. ही तीन माणसांची पद्धत १७३४ सालची, योशिदा बुन्झाबुरो यांच्या नावाने ओळखली जाते. स्त्री-बाहुल्यांना बहुतेक वेळा पायच नसतात. पायवाला पोशाखाची कड आतून मुठींनी हलवतो आणि आपण चालणं पाहतो. परंपरेने शिकणारा आधी दहा वर्षं पाय धरतो, मग दहा वर्षं डावा हात, आणि त्यानंतर डोकं.

दहा वर्षं पाय. मला ते ऐकून अस्वस्थ वाटलं. मी तर पहिल्याच दिवशी डोकं धरलं होतं.

दादाने विचारलं, "पण बाई, पायवाल्याला बाहुलीचा चेहरा दिसतच नाही, मग तो शिकतो काय?" बाई म्हणाल्या, "तेच शिकतो." पुढे काही बोलल्या नाहीत.

केपटाउनच्या हँडस्प्रिंग पपेट कंपनीने २००७ मध्ये लंडनच्या रंगभूमीसाठी वेताचा घोडा केला, त्याच्या तीन चालकांच्या जागांना डोकं, हृदय आणि मागचे पाय अशीच नावं होती. हृदयवाला घोड्याच्या पोटात उभा राहून पुढचे पाय आणि श्वास चालवतो. एवढ्या मोठ्या प्राण्याचा श्वास चालवणाऱ्याला हृदय म्हणतात हे मला फार आवडलं.

१५ जून

एक दिवस कळसूत्रीचा. आमच्या खेळात दोऱ्याची बाहुली नाही, तरी दोरा हातात घेतल्याशिवाय वजन कळणार नाही असं बाईंचं मत.

नऊ दोऱ्यांची बाहुली : डोक्याला दोन, खांद्यांना दोन, पाठीला एक, हातांना दोन, गुडघ्यांना दोन. सगळा भार खांद्यांच्या दोऱ्यांवर, डोक्याचे दोरे फक्त मान वळवायला. मी दोरे बांधलेली पट्टी हलवली की बाहुली लगेच हलत नाही, जरा मागून येते, आणि मी थांबले तरी ती थांबत नाही. ती लंबक आहे. १ मीटरचा लंबक जाऊन परत यायला २ सेकंद घेतो, अर्ध्या मीटरचा १.४, दीड मीटरचा जवळजवळ २.५. दोरा लांब केला की बाहुलीची चाल संथ होते, आणि तिच्या लयीपेक्षा घाई केली तर ती थरथरते. तिला स्वतःचा वेळ आहे. आपण फक्त त्यात शिरायचं असतं.

ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या अध्यायात ज्ञानदेव स्वतःला साइखड्याचं बाहुलं म्हणतात, चालवणाऱ्याच्या सूत्राने चालणारं. ते मला लहानपणापासून माहीत होतं. सूत्राच्या वरच्या टोकाला असलेलाही तितकाच बांधलेला असतो, हे आज बोटांना कळलं.

(सावलीचं एक सत्रही या आठवड्यात झालं. दिवा पडद्यापासून २ मीटर आणि आकृती बरोबर मध्ये, तर सावली दुप्पट. खेळात वापरणार नाही, म्हणून एवढीच नोंद.)

१९ ते २८ जून

डोकं बनवण्याचे दिवस. कागदी माणूस सरावासाठी चांगला, पण पंधरा दिवसांत मानेवर फाटला. आता पक्का बाहुला. खेळ एका म्हाताऱ्याचा, एवढं ठरलंय.

मातीच्या गोळ्यावर चेहरा घडवला. त्यावर खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या, सहा थर. एक थर वर्तमानपत्राचा, एक खाकीचा, असे आलटून पालटून, म्हणजे कुठे पट्टी राहिली ते रंगावरून लगेच कळतं. वाळायला तीन दिवस, सावलीत. मग कानामागून चिरून दोन अर्धे वेगळे केले, माती काढली, पुन्हा जोडले.

पहिलं डोकं दोन कारणांनी बाद. एक, वजन. मजबुतीच्या हौसेने मी आत जाड लाकडी मूठ बसवली, सगळं मिळून ४३० ग्रॅम भरलं. हात पुढे धरून वेळ लावली. ३ मिनिटं १० सेकंदांनी मनगट कापायला लागलं, आणि माझं मनगट कापतं ते म्हाताऱ्याच्या मानेत दिसतं. दुसरं, मी त्याला हसरं केलं होतं. माती घडवताना ते हसू गोड वाटत होतं. पण तो काही शोधतोय, घाबरलाय, दमलाय, तरी हसतोच आहे. गोठलेल्या चेहऱ्यावर एक भाव कोरला की बाकीच्या सगळ्या भावांचं दार बंद होतं.

दुसरं डोकं १५० ग्रॅमचं. तोंड मिटलेलं, ना हसरं ना रडवेलं. भुवया पुढे, डोळ्यांच्या खोबणी खोल, एक गाल दुसऱ्यापेक्षा चपटा. जपानच्या 'नो' नाटकातल्या मुखवट्यांबद्दल बाईंनी सांगितलं होतं. मुखवटा जरासा वर केला की उजळतो, खाली केला की त्यावर ढग येतो, आणि त्यासाठी जपानी भाषेत वेगळे शब्दही आहेत, तेरासु आणि कुमोरासु. रात्री खोलीत अंधार करून वरून एक दिवा धरला आणि डोकं हळूहळू झुकवलं. खोबणीत सावली भरत गेली आणि म्हातारा विचारात पडला. मी काहीच रंगवलं नव्हतं अजून. बराच वेळ तेच करत बसले.

अंग दादाने केलं, सुतारकाम त्याच्या हातात आहे. गुडघ्याला चामड्याची पट्टी लावली ती आधी पुढच्या बाजूने, आणि पाय बगळ्यासारखा उलटा दुमडायला लागला. पट्टी मागे नेली. आता पुढच्या बाजूने लाकडाच्या सपाट कडा एकमेकींना भिडतात आणि पाय बरोबर तिथेच थांबतो. तळपायांत लोखंडी नट भरले, प्रत्येकी ३५ ग्रॅम. या नटांनी जो फरक पडला तो दोन आठवड्यांच्या सरावाने पडला नव्हता. पाऊल टेबलावर टेकतं तेव्हा आवाज येतो. म्हातारा जमिनीवर आहे.

३ जुलै

वस्तू आणायच्या होत्या, प्रत्येकाने पाच. नवीन विकत घेतलेली चालणार नाही, हातांनी झिजलेली हवी.

मी आणलं : चष्म्याची काडी, नरसाळं, रंगाचा वाळलेला ब्रश, शिवणाच्या सुयांची डबी आणि आजीच्या ट्रंकेचं कुलूप. ट्रंक आता नाही, किल्ली त्याआधीच हरवली. कुलूप बंद अवस्थेत राहिलं.

बाईंनी आधी फरक समजावला. १९८०च्या सुमारास फ्रान्समध्ये काती देव्हिल यांनी 'वस्तुनाट्य' हे नाव या कामाला दिलं. बाहुली बनवावी लागते, वस्तू आधीच असते. तिच्यावर डोळे चिकटवायचे नाहीत, तिला नाक लावायचं नाही. कुलूप कुलूपच राहिलं पाहिजे आणि तरी प्रेक्षकाला त्यात आणखी काही दिसलं पाहिजे.

पहिला सराव, वीस मिनिटं वस्तूकडे नुसतं बघणं. मग ती काय काय करू शकते ते लिहायचं. मी लिहिलं : जड आहे, ३८० ग्रॅम. थंड आहे, हातात धरलं की गरम होतं आणि ठेवलं की पुन्हा थंड. हलवलं की आत काहीतरी वाजतं. किल्लीच्या भोकावरची झाकणी सरकते. उघडत नाही.

११ जुलै

आठवडाभर मी कुलपाला बोलायला लावत होते. झाकणी सरकवून ते तोंड करायचं, आवाज मी द्यायचा. पहिल्यांदा सगळे हसले, मलाही बरं वाटलं. दुसऱ्या मिनिटापासून कुणाला उत्सुकता राहिली नाही. बाईंनी विचारलं, "हेच संवाद तू सुयांच्या डबीला दिलेस तर?" काहीच बिघडलं नसतं. म्हणजे त्यात कुलपाचं असं काही नव्हतंच.

मॉस्कोचे बाहुलीकार सर्गेई ओब्राझ्त्सोव्ह (१९०१–१९९२) उघड्या हाताच्या बोटावर लाकडी चेंडू खोवून माणसं उभी करत. चेंडूला चेहरा नाही, हाताला कपडे नाहीत. आज तो सराव केला, तर्जनीवर चेंडू. माझा चेंडू सारखा वळवळत होता. छोटीचा मात्र नुसता दुसऱ्या चेंडूकडे पाहत राहिला आणि मग हळूच मान फिरवली. आम्ही सगळे गप्प झालो. ती सोळा-सतरा वर्षांची आहे, नाटकाचा काही अनुभव नाही. मी तिला विचारलं, "काय केलंस गं?" तर म्हणाली, "काही नाही ताई, वाट बघितली."

१६ जुलै

खेळाचा धागा सापडला, आणि तो कुलपाने दिला.

यादीतलं शेवटचं वाक्य, 'उघडत नाही'. आम्ही ते अडचण म्हणून बघत होतो. दादाने घरून एक छोटी लाकडी पेटी आणली आणि कडीत कुलूप अडकवून दाखवलं (वरची पट्टी त्याने सुटी ठेवली होती, म्हणून बंद कुलूपही बसलं). शेजारी म्हातारा उभा केला. कुलूप त्याच्या डोक्याएवढं. बस्स. म्हातारा, पेटी, न उघडणारं कुलूप. संवाद नाहीत.

तो येतो. बघतो. ओढून पाहतो. कान लावतो. पाठ टेकून बसतो. झोपतो. जागा होऊन पुन्हा बघतो. पेटीत काय आहे ते आम्ही ठरवलेलं नाही, आणि ठरवायचं नाही असं ठरलं.

२२ जुलै

कान लावण्याचा प्रसंग. म्हातारा वाकतो, डोकं कुलपाला टेकवतो, दादा पेटी मागून किंचित हलवतो, आत खुळखुळ. म्हातारा झटकन मागे.

हे वीस वेळा केलं आणि वीसही वेळा चुकलं. कारण मला माहीत होतं की खुळखुळ येणार आहे. माझा हात आवाजाच्या आधी मागे यायचा. बाईंनी दादाला सांगितलं, कधी वाजवायचं ते तू ठरव, आणि कधी वाजवूच नकोस. मग मला खरोखर कान द्यावा लागला. एका वेळी दादाने खूप वेळ वाजवलंच नाही. म्हातारा टेकलेलाच राहिला. माझा खांदा दुखत होता, तरी त्या अर्ध्या मिनिटात म्हातारा जितका जिवंत होता तितका आधी कधीच नव्हता, हे समोर बसलेल्या बाईंच्या चेहऱ्यावर दिसलं असतं. मी पाहिलं नाही.

हा बदल कायम ठेवला. खेळातही खुळखुळ कधी येईल ते दादालाच ठाऊक.

२६ जुलै

प्रकाश. समोरून दिवा लावला तर आमचे तिघांचे चेहरे उजळतात आणि बाहुला मागे पडतो. म्हणून दोन दिवे, टेबलाच्या उंचीला, दोन्ही बाजूंनी आडवे. काळे पूर्ण बाह्यांचे कपडे. चेहरे झाकायचे की नाही यावर बरीच चर्चा झाली. झाकायचे नाहीत असं ठरलं, पण चेहऱ्याने अभिनय करायचा नाही. म्हातारा दुःखी झाला की माझ्या भुवया उचलल्या जातात. ही सवय अजून गेलेली नाही.

२ ऑगस्ट

पहिलं दाखवणं. बावीस माणसं, त्यांत चार मुलं. खेळ ११ मिनिटं ४० सेकंद.

पहिली पाच मिनिटं टाचणी पडली तरी ऐकू आली असती. कान लावण्याच्या वेळी एक मुलगा पुढे सरकून टेबलाच्या अगदी जवळ आला. सहाव्या मिनिटाला खोकले सुरू झाले. सातव्याला खुर्च्या करकरल्या. झोपेच्या प्रसंगाला परत शांतता. शेवटी आम्ही तिघांनी म्हाताऱ्याला अलगद उचलून नेलं आणि एकटं कुलूप १५ सेकंद प्रकाशात राहिलं. तेव्हा कुणीही हललं नाही.

सहा ते आठ म्हणजे म्हातारा पेटीभोवती फेरी मारतो तो भाग. माझा सर्वांत लाडका. त्यातली पावलं आम्ही दीड महिना घासली होती, वळताना तो टाच कशी फिरवतो ते बघण्यासारखं आहे. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "चाल सुंदर आहे. पण तो कुठे चाललाय?" मी उत्तर शोधत होते. छोटी म्हणाली, "ताई, त्याला जायचंच नाहीये. मला पायांत कळतं. तुम्ही ओढता तेव्हा त्याचं वजन पेटीकडे असतं."

हे तिला केव्हापासून कळत होतं? विचारलं. म्हणाली, दोन आठवडे तरी.

४ ऑगस्ट

फेरी काढली. दोन मिनिटं पूर्ण गेली. रात्री झोप आली नाही, पण सकाळी सगळा खेळ सलग करून पाहिला तर म्हातारा पेटीला चिकटून होता आणि गोष्ट मोकळी झाली होती.

उजव्या गुडघ्याची चामडी पट्टी सैल झालीय, बदलायची. डाव्या तळव्यातला एक नट वाजतो, गोंद घालायचा.

९ ऑगस्ट

दुसरं दाखवणं. ९ मिनिटं ५ सेकंद. खोकला एकदाच. दादाने खुळखुळ एवढी उशिरा केली की मला वाटलं तो विसरला, आणि म्हातारा दोनदा कुलपापासून डोकं उचलून पुन्हा टेकवून बसला. ते ठरलेलं नव्हतं. मी उचललं असं म्हणणंही बरोबर होणार नाही. छोटीने त्याचे गुडघे जरा दुमडले, त्यामुळे डोकं उचलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

खेळानंतर माणसं पुढे आली. म्हाताऱ्याला हात लावायची बऱ्याच जणांना इच्छा होती. एका आजोबांनी कुलूप मागून घेतलं, तळहातावर जोखलं, झाकणी अंगठ्याने सरकवून पाहिली, आणि काही न बोलता परत दिलं.

१२ ऑगस्ट

बाईंना भेटून सांगितलं की पुढच्या दहा आठवड्यांत मला पाय हवेत. डोकं छोटीने धरावं. बाई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "गुडघ्याखाली घडी करून काहीतरी घे. पहिल्या आठवड्यात फार दुखतं."

छोटी आधी नको म्हणाली. "ताई, मला भाव नाही जमणार." मी म्हटलं, भाव दुसऱ्या डोक्याच्या खोबणीत आहेत, तू फक्त दिव्याकडे लक्ष ठेव.

१४ ऑगस्ट

टेबलामागे गुडघ्यावर. दिसतं ते एवढंच : दोन घोटे, टेबलाची कड, छोटीच्या काळ्या सदऱ्याची पाठ. म्हातारा कुठे बघतोय ते मला माहीत नाही. पेटी दिसत नाही. कुलूप दिसत नाही.

पहिल्या अर्ध्या तासात मी तिच्या पुढे पाय टाकत होते. दोनदा म्हातारा पडता पडता वाचला. मग डोळे मिटले. तिच्या पाठीत श्वास भरतो तो सदऱ्याच्या सळसळीतून कळतो. त्यानंतर किंचित उशिराने माझ्या डाव्या तळव्यावर भार येतो, अगदी थोडा. ३५ ग्रॅमचा नट आणि वर लाकूड, तरी तो भार वेगळा कळतो. तो आला की उजवा उचलायचा.

आज तीन पावलं खरी पडली. तिसऱ्यानंतर छोटी थांबली, आणि का थांबली ते मला माहीत नव्हतं. मी घोटे धरून तशीच राहिले.